गावाने परत आणलेला संघ

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात स्विफ्ट करंट नावाचं गाव आहे. सरकारदरबारी ते शहर, पण २०२१च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली १६,७५०; तेव्हा आपण त्याला गावच म्हणू. तिथून वेगाने वाहणाऱ्या ओढ्यावरून त्याला हे नाव मिळालं. चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर सपाट शेतं, बरीचशी गव्हाची. गावाला खेटून ट्रान्स-कॅनडा महामार्ग जातो, त्याच्या सोबतीने कॅनेडियन पॅसिफिकची रेल्वे. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. अशा या गावात बर्फाचं एक बंदिस्त मैदान आहे. कॅनडाच्या स्थापनेला शंभर वर्षं झाली त्या १९६७ साली बांधलेलं, म्हणून मूळ नावातच 'शताब्दी' असलेलं. त्यात सुमारे तीन हजार माणसं बसतात. गावातल्या दर सहा माणसांमागे एक खुर्ची, असा हिशेब पडतो.

या खुर्च्या ज्याच्यासाठी भरतात तो संघ म्हणजे स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचा आइस हॉकी संघ. हा संघ एकदा गाव सोडून गेला, बारा वर्षं शेजारच्या प्रांतातल्या दुसऱ्या शहराचा होऊन राहिला, आणि मग गावाने त्याला परत आणलं. उत्तर अमेरिकेत खेळाचे संघ विकले जातात, हलवले जातात, त्याचं कुणाला नवल नाही. गेलेला संघ त्याच गावात परत येणं मात्र फार क्वचित घडतं. परत आल्यावर चार महिन्यांत या गावावर जे कोसळलं आणि पुढे दहा वर्षांनी जे उजेडात आलं, ते दोन्ही जाणून घेतल्यावर 'आपला संघ' या दोन शब्दांचं वजन कळतं. ही हकीकत सांगावीशी वाटली ती त्या वजनापायी.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि पांढरा चेंडू डोळ्यांपुढे येतो. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. दोन्ही बाजूंना गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू, पायांत स्केट्स, चेंडूऐवजी रबराची कडक चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. या खेळाचं व्यावसायिक शिखर म्हणजे एनएचएल, आणि तिथवर जाणाऱ्या वाटांपैकी सर्वांत जुनी, सर्वांत मळलेली वाट ज्युनियर हॉकीतून जाते. कॅनडात तीन मोठ्या ज्युनियर लीग आहेत: ऑन्टारियोची, क्वेबेकची आणि पश्चिमेची. पश्चिमेची ती वेस्टर्न हॉकी लीग. तिचा पसारा मॅनिटोबापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंतच्या चार प्रांतांत आणि सीमेपलीकडे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन, ऑरेगन या राज्यांत.

मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की कोणता तरी संघ त्याला निवडतो. सोळाव्या वर्षी तो घर सोडतो आणि त्या संघाच्या गावात अनोळखी कुटुंबात राहायला जातो. अशा कुटुंबाला तिथे 'बिलेट' म्हणतात. ते त्याला जेवूखाऊ घालतात, शाळेत धाडतात, दूरच्या सामन्याहून पहाटे बस परतली की दार उघडतात. मोसमाला सत्तरच्या आसपास सामने, आणि पाचशे-सातशे किलोमीटरचा बसप्रवास ही नित्याची गोष्ट. म्हणजे गावात संघ आहे याचा अर्थ गावातल्या वीस-बावीस घरांत दरवर्षी दुसऱ्याचं पोर वाढतं आहे. संघ हलतो तेव्हा नुसती पाटी हलत नाही. त्या घरांतल्या खोल्या रिकाम्या होतात.

कायद्याने पाहिलं तर मात्र हा सगळा व्यवहारच. लीगमध्ये खेळण्याचा हक्क ही मालमत्ता असते. मालक ती विकू शकतो, लीगने मान्यता दिली तर दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. खेळाडूंवरचे हक्कही मालमत्तेबरोबर जातात. गावाला त्यात मत नसतं.

पश्चिमेची ही लीग १९६६ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, नवं मैदान उघडलं त्या १९६७ साली, ब्रॉन्कोज तिच्यात दाखल झाले. पहिल्या सात वर्षांत मोठी जेतेपदं आली नाहीत; माणसं मात्र आली. गावाच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेजवळ व्हॅल मारी नावाचं चिमुकलं खेडं आहे. तिथला ब्रायन ट्रॉटिये नावाचा मेती वंशाचा मुलगा ब्रॉन्कोजकडे आला. मेती म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही रक्तांतून घडलेला कॅनडातला समाज. पोराला घराची ओढ इतकी होती की हॉकी सोडून तो खेड्यात परतायला निघाला होता. त्याच्याच संघातला डेव्ह विल्यम्स, ज्याला सगळे 'टायगर' म्हणत, त्याने त्याची समजूत घालून त्याला पुन्हा आणलं. ट्रॉटियेने पुढे खेळाडू म्हणून सहा वेळा एनएचएलचा सर्वोच्च चषक, स्टॅनली कप, जिंकला, एनएचएलच्या इतिहासातल्या थोरांत त्याची गणना होते. विल्यम्सच्या नावावर वेगळा विक्रम आहे: एनएचएलमध्ये सर्वाधिक मिनिटं शिक्षा म्हणून बाहेर बसण्याचा. दंगेखोर म्हणून ओळखला गेलेला तोच हा मुलगा, घराच्या आठवणीने खचलेल्या सोबत्याला परत आणणारा.

१९७४च्या उन्हाळ्यात एनएचएलच्या न्यूयॉर्क आयलँडर्सने ट्रॉटियेला निवडलं, पण ज्युनियरमध्ये त्याचं आणखी एक वर्ष खेळायचं बाकी होतं. ते त्याला स्विफ्ट करंटमध्ये खेळता आलं नाही. संघच गाव सोडून गेला होता.

तो गेला अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिजला, जवळपास चारशे किलोमीटर पश्चिमेला. लेथब्रिज कितीतरी मोठं शहर, आणि १९७५च्या कॅनडा हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी तिथे पाच हजार माणसांचं नवं क्रीडागृह उभं राहत होतं. तिकीटविक्रीवर जगणाऱ्या संघाच्या मालकाने दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले तर निर्णय काय होणार ते सांगायला नको. 'ब्रॉन्कोज' हे नाव संघाबरोबर गेलं. गावाकडे खालच्या पातळीची हॉकी उरली आणि शताब्दीचं मैदान उरलं.

त्या दशकात हे एकट्या स्विफ्ट करंटच्या वाट्याला आलं नव्हतं. सस्कॅचवानच्याच एस्टेव्हन गावाचा संघ १९७१ साली ब्रिटिश कोलंबियातल्या न्यू वेस्टमिन्स्टरला गेला आणि तिथे जाऊन दोनदा राष्ट्रीय जेतेपद मिळवता झाला. एडमंटनचा नावाजलेला ऑइल किंग्ज संघ १९७६ साली सीमा ओलांडून पोर्टलँडला गेला. मॅनिटोबातल्या फ्लिन फ्लॉन या खाणकामगारांच्या गावातून बॉबी क्लार्कसारखा खेळाडू निघाला होता; तिथला संघ १९७८ साली गेला. लीग मोठी होत गेली तशी लहान गावं एकेक करून तिच्यातून गळत गेली. एस्टेव्हन आणि फ्लिन फ्लॉन आजही प्रांतिक लीगमध्ये खेळतात. वरच्या लीगमधला आपला गेलेला संघ त्यांना परत मिळाला नाही.

लेथब्रिजची बारा वर्षं खेळाच्या दृष्टीने चांगली गेली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अल्बर्टातल्या व्हायकिंग गावाजवळच्या शेतकरी घरातले सहा सटर बंधू पुढे एनएचएलमध्ये खेळले. ते सगळे ज्युनियर हॉकी खेळले ते लेथब्रिज ब्रॉन्कोजकडून. १९८३ साली संघाने लीगचं जेतेपदही मिळवलं. वॉरबर्ग नावाच्या खेड्यातला लिंडी रफ याच संघातून एनएचएलच्या बफेलो सेबर्सकडे गेला आणि पुढे त्याच संघाचा दीर्घकाळ प्रशिक्षक झाला. रफ हे आडनाव लक्षात राहू द्या.

हळूहळू लेथब्रिजमध्येही संघाची घडी विस्कटली आणि तो विकायला निघाला. तेव्हा स्विफ्ट करंटमध्ये जॉन रिटिंगर यांच्या पुढाकाराने काही मंडळी एकत्र आली आणि १९८६ साली त्यांनी संघ गावाच्या नावावर घेतला. कुणी एक धनिक मालक नाही. ना नफा तत्त्वावरची संस्था, संचालक गावातलेच, आणि वर्षाचा जमाखर्च वार्षिक सर्वसाधारण सभेत सगळ्यांपुढे. सहकारी संस्थांच्या सभांना बसलेल्या मराठी वाचकाला ही रचना नवी वाटणार नाही. या रचनेचा एक परिणाम मला सर्वांत मोलाचा वाटतो. गावाने ठरवल्याशिवाय संघ आता कुठे जाऊ शकत नव्हता.

इकडे लेथब्रिजकरांच्या पदरी तेच आलं जे बारा वर्षांपूर्वी स्विफ्ट करंटच्या पदरी आलं होतं. वर्षभर शहर संघाविना राहिलं. १९८७ साली कॅल्गरीचा रँग्लर्स संघ तिथे येऊन हरिकेन्स झाला. हा रँग्लर्स संघ स्वतः दहा वर्षांपूर्वी विनिपेगहून कॅल्गरीला आलेला. या लीगच्या नकाशावर अनेक संघांच्या मागे अशी ये-जा आहे. एका गावाचं स्वागत म्हणजे दुसऱ्या गावाचा निरोप.

१९८६च्या शरद ऋतूत ब्रॉन्कोज पुन्हा घरच्या बर्फावर उतरले. संघात ब्रिटिश कोलंबियाच्या बर्नबीचा जो सॅकिक नावाचा लाजरा मुलगा होता. शेल्डन केनेडी होता, बॉब विल्की होता. स्कॉट क्रूगर तर गावचाच. त्याच्या जोडीला किंडर्सलीचा ट्रेंट क्रेसी, सस्काटूनचा ख्रिस मँटिका. आणि वॉरबर्गहून आलेला सोळा वर्षांचा ब्रेंट रफ, लिंडीचा धाकटा भाऊ. थोरला ज्या संघाकडून लेथब्रिजला खेळला, धाकटा त्याच संघाकडून खेळायला स्विफ्ट करंटला आला होता.

३० डिसेंबर १९८६. नाताळची सुट्टी संपून मुलं परतली होती. रेजायना पॅट्सविरुद्धच्या सामन्यासाठी दुपारी बस पूर्वेकडे निघाली. रेजायना महामार्गाने अडीचशे किलोमीटरच्या आत. या लीगच्या मानाने जवळच. हवा खराब होती. गाव मागे पडून जेमतेम चार किलोमीटर झाले असतील, महामार्ग तिथे रेल्वेच्या रुळांवरून पुलाने जातो. पुलाजवळ रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा थर धरला होता. बस घसरली, महामार्ग सोडून उताराला लागली, बांधावर आदळून हवेत उचलली गेली आणि कुशीवर कोसळली. मागच्या बाजूला चौघे पत्ते खेळत बसले होते. क्रेसी, वय २०. क्रूगर, १९. मँटिका, १९. रफ, १६. चौघेही गेले.

त्या अपघाताच्या साक्षीदार असलेल्या लीसा कल्प यांनी पुढे बॉब विल्की आणि पत्रकार ग्रेग ड्रिनन यांच्यासह त्यावर पुस्तक लिहिलं. बसमधली बाकीची मुलं अपघातातून चालत बाहेर आली, ती अनेक वर्षं तिथेच अडकून राहिली, हे विल्कीसारख्यांच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा जाणवतं. शोकसभा झाली ती शताब्दीच्या मैदानातच. गावाने बारा वर्षं वाट पाहून संघ परत आणला होता, आणि चार महिन्यांत त्याच खुर्च्यांवर बसून चार मुलांना निरोप द्यायची पाळी आली.

मोसम थांबवायचा की पुढे न्यायचा, हा प्रश्न होता. मुलांनी खेळायचं ठरवलं. जर्सीवर चार पानांचं क्लोव्हरचं चिन्ह आलं, पानापानावर चौघांचे क्रमांक: ८, ९, ११, २२. हे क्रमांक या संघात पुन्हा कुणाला दिले जात नाहीत. लीगने आपल्या सर्वोत्तम खेळाडूच्या चषकाला 'फोर ब्रॉन्कोज स्मृतिचषक' असं नाव दिलं. त्या मोसमात ६० गोल करणाऱ्या सॅकिकला पूर्व विभागातला तो चषक मिळाला. पुढच्या वर्षी १६० गुणांसह पुन्हा त्यालाच. आपल्याच मृत सोबत्यांच्या नावाचा चषक हातात घेताना अठरा वर्षांच्या मुलाला काय वाटलं असेल, हे विचारणाऱ्यांना तो फारसं काही सांगत नाही, आणि त्याने सांगावं असा आग्रह आपणही धरू नये.

सॅकिकला एनएचएलच्या क्वेबेक नॉर्डिक्सने घेतलं. संघ हलवला जाण्याचा अनुभव त्याच्या वाट्याला तिथेही आला. १९९५ साली नॉर्डिक्स क्वेबेक सोडून अमेरिकेत डेन्व्हरला गेले आणि पुढच्याच वर्षी, सॅकिकच्या नेतृत्वाखाली, कोलोरॅडो ॲव्हलांच या नावाने स्टॅनली कप जिंकून बसले. क्वेबेक सिटीला आजही एनएचएलचा संघ नाही.

अपघातानंतर अडीच वर्षांनी, १९८९च्या मे महिन्यात, ब्रॉन्कोज मेमोरियल कपसाठी सस्काटूनला गेले. हा कॅनडाच्या ज्युनियर हॉकीचा सर्वोच्च चषक. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ तो १९१९ साली सुरू झाला, नावातच स्मृती आहे ती त्यांची. त्या मोसमात ब्रॉन्कोजने ७२पैकी ५५ सामने जिंकले होते आणि लीगच्या बाद फेरीत एकही सामना न हरता ते तिथवर आले होते. एक खेळाडू अधिक असताना खेळायची संधी, म्हणजे पॉवरप्ले, ते असा काही वापरत की समोरचा संघ चूक करायलाच घाबरे. संघात केनेडी आणि विल्की होते. गोलमध्ये ट्रेव्हर क्रूगर आणि बचावात डॅरन क्रूगर होते, स्कॉटचे दोघे भाऊ. सॅकिकचा धाकटा भाऊ ब्रायनही होता. अंतिम सामना यजमान सस्काटून ब्लेड्सशी. ३-३ बरोबरी, ज्यादा वेळ, आणि टिम टिस्डेलचा गोल. स्विफ्ट करंट कॅनडाचं विजेतं ठरलं.

बरीच वर्षं ही हकीकत इथेच संपत असे. संघ गेला, परत आला, दुःख आलं, जिद्दीने खेळला, जिंकला. वर्तमानपत्रांना आणि चित्रपटांना आवडावी अशी. पण ती अपुरी होती, आणि अपुरी असल्यामुळे खोटी होती.

परत आलेल्या संघाचा प्रशिक्षक होता ग्रॅहम जेम्स. १९८९च्या विजयानंतर 'द हॉकी न्यूज' या नियतकालिकाने त्याला वर्षातला मानकरी ठरवलं होतं. अपघातानंतर मुलांना मानसोपचाराचा, समुपदेशनाचा आधार द्यायची तयारी बाहेरून दाखवली गेली, तेव्हा त्याने ती नाकारली. आपलं दुःख आपण आपल्यात सांभाळू, असं सांगितलं. मुलांना वाटलं, हे संघाच्या एकीसाठी आहे. बाहेरचं माणूस आत येऊ न देण्याचं त्याचं खरं कारण पुढे कळलं.

१९९७च्या जानेवारीत शेल्डन केनेडी, तेव्हा एनएचएलमध्ये बॉस्टन ब्रुइन्सचा खेळाडू, उघडपणे बोलला. वयाच्या चौदाव्या वर्षापासून जेम्स त्याच्यावर लैंगिक अत्याचार करत होता. जेम्स जिथे जिथे प्रशिक्षक झाला तिथे तिथे त्याने या मुलाला आपल्याबरोबर नेलं. केनेडी आणि आणखी एका खेळाडूवरच्या साडेतीनशे अत्याचारांची कबुली जेम्सने दिली आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. २००७ साली त्याला कायद्याने माफीही मिळाली. हे २०१० साली बाहेर आलं तेव्हा देशभर संताप उसळला आणि माफीचा कायदा बदलला गेला. थिओ फ्लेरी आणि टॉड होल्ट हे जेम्सचे आणखी दोन माजी खेळाडूही पुढे आले. २०११ साली जेम्सने तेही गुन्हे कबूल केले. २०१२ साली दोन वर्षांची शिक्षा झाली, २०१३ साली अपिलात ती पाच वर्षांवर गेली. २०१५ साली ब्रॉन्कोजच्याच आणखी एका माजी खेळाडूचं प्रकरण उभं राहिलं आणि शिक्षेत दोन वर्षांची भर पडली.

ही यादी देताना हात जड होतो. पण ती न देता १९८९चा चषक सांगणं मला जमणार नाही.

कुणाला दिसलं कसं नाही, हा प्रश्न त्या वेळी सगळ्या कॅनडाने स्वतःला विचारला. त्याचं उत्तर ज्युनियर हॉकीच्या रचनेतच होतं. सोळा वर्षांचा मुलगा आईवडिलांपासून शेकडो किलोमीटर दूर. तो किती मिनिटं खेळणार, एनएचएलच्या नजरेत भरणार की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संघाला दिला जाणार, हे सगळं एकाच माणसाच्या हातात. त्या माणसाने ठरावीक दिवशी घरी बोलावलं तर नाही म्हणायचं कुणाच्या बळावर? त्यात संघ जिंकत असला, गावाचं दुःख हलकं करत असला, तर प्रशिक्षकाकडे बोट दाखवणं आणखी अवघड. गावाने संघावर जीव टाकला होता, आणि त्या प्रेमाच्या आडोशानेच तो माणूस निर्धास्त राहिला, असं मला वाटतं. हा दोष प्रेमाचा नाही. पण संघ आपला म्हणायचा तर त्यातली मुलंही आपली, आणि सामना नसतो त्या संध्याकाळी ती कुठे आहेत हे विचारायचं कामही आपलं. ते काम तिथे कुणी केलं नाही.

केनेडीने ते काम पुढे स्वतः हाती घेतलं. १९९८ साली तो चाकांच्या स्केट्सवर कॅनडा आडवा पार करत गेला आणि मिळालेला निधी रेड क्रॉसच्या अत्याचार-प्रतिबंधाच्या कामाला गेला. २००४ साली वेन मॅकनीलबरोबर त्याने एक संस्था काढली. मुलांशी कसं वागावं, काय दिसलं की सावध व्हावं, याचं प्रशिक्षण ती प्रशिक्षकांना आणि पालकांना देते. आज कॅनडातल्या अनेक खेळांत हे प्रशिक्षण घेतल्याशिवाय प्रशिक्षकाला संघाजवळ उभं राहता येत नाही. बॉब विल्कीनेही तरुण खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचं काम पत्करलं. १९८६ साली ज्यांना बोलायला माणूस मिळाला नाही, तेच दुसऱ्यांसाठी ऐकणारी माणसं झाले.

६ एप्रिल २०१८ रोजी त्यांची गरज पडली. सस्कॅचवानमधल्याच हम्बोल्ट गावाच्या ज्युनियर संघाची बस एका चौकात ट्रकला धडकली. बसमधल्या २९ जणांपैकी १६ जण गेले. त्या संघाचंही नाव ब्रॉन्कोज. लीग वेगळी, गाव वेगळं, पण नाव तेच आणि पोरं त्याच वयाची. केनेडी, विल्की आणि १९८६च्या संघातले आणखी काही जण हम्बोल्टला जाऊन तिथल्या लोकांना भेटले. एकतीस वर्षांपूर्वी आपल्याला कुणाला भेटू दिलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं? स्विफ्ट करंटचा संघ तेव्हा बाद फेरीचे सामने खेळत होता. पुढच्याच महिन्यात त्याने घरच्या मैदानावर एव्हरेटच्या संघाला हरवून लीगचं जेतेपद मिळवलं, १९८९ आणि १९९३ नंतरचं तिसरं.

आज वेस्टर्न हॉकी लीगमध्ये गावाच्या मालकीचे चार संघ आहेत: स्विफ्ट करंट, मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट आणि लेथब्रिज. मूस जॉचा संघ १९८४ साली विनिपेगहून आलेला. लेथब्रिज म्हणजे तेच शहर, जिथून ब्रॉन्कोज परतले. दुसऱ्याचा संघ आणून आणि आपला संघ गमावून ज्या शहराने दोन्ही बाजू पाहिल्या, तिथेही आता संघ शहराच्याच मालकीचा आहे.

उलट बाजूचं उदाहरण फार जुनं नाही. १९९६ साली एडमंटनमध्ये आइस नावाचा संघ सुरू झाला. १९९८ साली तो ब्रिटिश कोलंबियातल्या क्रॅनब्रूक या वीसेक हजार वस्तीच्या गावात गेला. तिथे तो एकवीस वर्षं राहिला, तीनदा लीग जिंकला आणि २००२ साली मेमोरियल कपही घरी घेऊन आला. संघ विकला गेला, आणि २०१९ साली नव्या मालकांनी तो विनिपेगला नेला. तिथे नवं क्रीडागृह होणार होतं, ते झालं नाही. २०२३ साली संघ पुन्हा विकला गेला, या वेळी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावाला. सत्तावीस वर्षांत चार गावं. क्रॅनब्रूकने मिळवलेला मेमोरियल कप आज कोणत्या गावाचा म्हणायचा? माझ्या मते क्रॅनब्रूकचाच. हक्क विकत घेता येतो, ती एकवीस वर्षं घेता येत नाहीत.

गावाची मालकी म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. लहान गावाचा संघ म्हणजे दरवर्षी पैशाची ओढाताण. एक मोसम वाईट गेला, बाद फेरीतले घरचे सामने मिळाले नाहीत, की वार्षिक सभेत तोट्याचा आकडा वाचला जातो. मग देणग्या, सोडती, जेवणावळी. कोविडच्या साथीत मैदानं प्रेक्षकांविना राहिली तेव्हा गावाच्या मालकीच्या चारही संघांना गावाकडेच हात पसरावा लागला. मोठ्या शहरांतले, श्रीमंत मालकांचे संघ चांगले खेळाडू सहज जमवतात. स्विफ्ट करंटला ते वर्षानुवर्षं जोपासावे लागतात, आणि तयार झाले की पुष्कळदा बदल्यात द्यावे लागतात. तरीही १९८६पासून आजवर संघ हलवण्याचा ठराव त्या सभेत कुणी मंजूर करून घेतलेला नाही.

३० डिसेंबर २०१६ रोजी, अपघाताला तीस वर्षं झाली त्या दिवशी, महामार्गाच्या कडेला त्या जागेजवळ चौघांचं स्मारक उभं राहिलं. ब्रॉन्कोज आणि रेजायना पॅट्स आजही एकाच लीगमध्ये आहेत, आणि दर हिवाळ्यात ब्रॉन्कोजची बस सामन्यासाठी रेजायनाला जाते. ती त्याच महामार्गाने जाते, रेल्वेवरचा तोच पूल ओलांडून. पूर्वेला जायला गावातून दुसरा मोठा रस्ता नाही.